संगणकातील दिनदर्शिका आणि तारखेचे साक्षीदार



चाळीसगावहून पाटणादेवीला आपणांपैकी पुष्कळजण गेले असतील. देवीचे दर्शन घेऊन, डोंगराकडे दोन घटका पाहून आपण परततो. तेथील एका शिलालेखाकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. सिद्धान्तशिरोमणीकार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने पाटणे येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले. हा वृत्तांत त्या लेखात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला.

माझा आजचा विषय आहे संगणकाच्या आज्ञावलीने दिनदर्शिकेची फाइल कशी वाचावी व कशी तयार करावी, हा. मग आरंभी शिलालेख कशाला, असे आपल्या मनात येईल. त्याचे कारण त्या लेखातल्या मितीत आहे. शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा समय, अशी ती मिती आहे. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हा आपला शाळेतला हिशेब. त्याप्रमाणे १२०६ साल निघते. पण प्रभव हे साठ संवत्सरांच्या चक्रातले पहिले नाव. आपल्याकडे १९८७ च्या गुढीपाडव्याला प्रभव संवत्सर लागले होते. तेथून साठ-साठ वर्षे मागे मोजत गेले की तेराव्या फेरीला १२०७ साल येते. म्हणजे आकडा एक वर्ष सांगतो आणि संवत्सराचे नाव दुसरे. अशा वेळी निवाडा कोण करणार? श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण हे दोन साक्षीदार करतात. त्यांच्या आधारे अभ्यासकांनी ही मिती ९ ऑगस्ट १२०७ अशी ठरविली आहे.

ज्याने ती मिती कोरविली, त्याने एकच आकडा लिहून काम भागविले असते, तर आठशे वर्षांनंतर चूक उमगण्याचे काही साधनच उरले नसते. शकाबरोबर संवत्सर, तिथी, वार, नक्षत्र लिहिण्याची आपली जुनी पद्धत आपल्याला आज पाल्हाळ वाटते. वस्तुतः तो तारखेभोवती उभा केलेला साक्षीदारांचा पहारा होता. आज आपण कार्यक्रमांच्या तारखा दगडावर कोरत नाही, कित्येकदा कागदावरही लिहीत नाही. त्या आपण खिशातल्या मोबाईलला सांगतो. तेथे तारीख एकटी असते. तिला साक्षीदार नसतात. ते आपण कसे उभे करावेत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम ही फाइल म्हणजे काय ते पाहू. एखाद्या संस्थेने आपल्याला कार्यक्रमाचे आमंत्रण पाठविले आणि ते उघडताच मोबाईलने ‘दिनदर्शिकेत नोंद करू का?’ असे विचारले, तर त्या आमंत्रणाच्या पोटात बहुधा आय.सी.एस. या आडनावाची एक लहानशी फाइल असते. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांच्या नोंदी समजाव्यात म्हणून १९९६ साली काही कंपन्यांनी मिळून एक लेखनपद्धती ठरविली. तिच्यावरून पुढे १९९८ साली इंटरनेटच्या मानकांचे काम पाहणाऱ्या मंडळाने ‘आयकॅलेंडर’ नावाचा नियमग्रंथ प्रसिद्ध केला आणि २००९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. ती आज सर्वत्र चालते. या फाइलीत गूढ असे काही नाही. ती साध्या ओळींची असते आणि कोणालाही उघडून वाचता येते. मूळ ओळी रोमन लिपीत असतात. आपल्या सोयीसाठी मी त्या देवनागरीत मांडतो. गेल्या वर्षांतल्या एका आखाजीची, म्हणजे ३० एप्रिल २०२५ ची, नोंद अशी होईल :

बिगिन:व्हीकॅलेंडर
व्हर्शन:२.०
प्रॉडआयडी:आमचे मंडळ
बिगिन:व्हीइव्हेंट
यूआयडी:आखाजी-२०२५-आमचे-मंडळ
डीटीस्टॅम्प:२०२५०४०१टी०४३०००झेड
डीटीस्टार्ट;व्हॅल्यू=डेट:२०२५०४३०
डीटीएंड;व्हॅल्यू=डेट:२०२५०५०१
समरी:आखाजी
एंड:व्हीइव्हेंट
एंड:व्हीकॅलेंडर

ही रचना पेटीतल्या पेटीसारखी आहे. बाहेरची पेटी दिनदर्शिकेची, आतली एका कार्यक्रमाची. बाहेरच्या पेटीवर नियमाची आवृत्ती आणि फाइल कोणी बनविली त्याचे नाव, या दोन चिठ्ठ्या हव्यातच. आतल्या पेटीत कार्यक्रमाचा ओळखक्रमांक, नोंद केल्याची वेळ, आरंभ, शेवट आणि नाव. यांपैकी ओळखक्रमांकाचे महत्त्व आपण शेतकरी मंडळी लवकर ओळखाल. जमिनीचा मालक बदलला तरी गट क्रमांक तोच राहतो, आणि म्हणून सातबाऱ्यावरचा फेरफार योग्य जमिनीलाच लागतो. तसेच येथे आहे. व्याख्यानाची वेळ बदलली आणि आपण जुन्याच ओळखक्रमांकाने सुधारलेली नोंद पाठविली, तर यंत्र जुनी नोंद दुरुस्त करते. नवा क्रमांक घातला, तर जुनी तशीच राहते आणि शेजारी दुसरी उभी राहते. मग निम्मे श्रोते सहाला येतात आणि निम्मे सातला.

आता ही फाइल आज्ञावलीने वाचावयाची कशी? ‘लायब्ररी’ या शब्दाने येथे घोटाळा होण्याचा संभव आहे. जळगावकरांना लायब्ररी म्हटले की व. वा. वाचनालय आठवेल, धुळेकरांना गरुड वाचनालय. संगणकाच्या भाषेत लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून, तपासून ठेवलेल्या आज्ञांचा संच. इतिहासाच्या अभ्यासकाला जुन्या पत्रातली मिती इंग्रजी तारखेत आणावयाची असते, तेव्हा तो दर वेळी सूर्यचंद्राचे गणित करीत बसत नाही. तो मोडकांची किंवा खऱ्यांची जंत्री उघडतो. आज्ञावली लिहिणाऱ्याची लायब्ररी ही अशीच जंत्री होय. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पायथन नावाच्या संगणक-भाषेत ‘आयकॅलेंडर’ याच नावाची एक लायब्ररी आहे आणि ती कोणालाही विनामूल्य मिळते.

तिच्या साह्याने वाचन करणे तीन पायऱ्यांचे काम आहे. पहिल्या पायरीला फाइल उघडून तिचा मजकूर लायब्ररीच्या हवाली करावयाचा. ती ओळी सोडवून पेट्यांची रचना आपल्यापुढे मांडते. दुसऱ्या पायरीला ‘यातल्या फक्त कार्यक्रमांच्या पेट्या एकेक करून दे’ असे सांगावयाचे. तिसऱ्या पायरीला प्रत्येक पेटीतून नाव, आरंभ आणि शेवट काढून घ्यावयाचे. पाच-सहा ओळींत हे होते. शेकडो नोंदींची फाइल असली तरी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच यादी हाती येते.

मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. दिवसाची नोंद निराळी आणि क्षणाची नोंद निराळी. आखाजी हा दिवस आहे. तिला तास-मिनिटे नाहीत. सायंकाळी सातचे व्याख्यान हा क्षण आहे. लायब्ररी पहिल्याला एका प्रकारचे मूल्य देते, दुसऱ्याला दुसऱ्या प्रकारचे. दोन्ही एकाच यादीत घालून ‘क्रमाने लाव’ म्हटले, तर पायथन तुलना करण्याचे नाकारते आणि काम थांबवते. नवशिक्याला हा हट्टीपणा वाटतो. पण ‘आखाजी आधी की त्याच दिवशीचे सातचे व्याख्यान आधी’ या प्रश्नाला आपल्याजवळ तरी काय उत्तर आहे? ते आपण ठरवून सांगावे, एवढीच त्या यंत्राची मागणी असते.

लेखनाचे काम याच्या उलट क्रमाने चालते. मोठी पेटी करावयाची, तिला दोन चिठ्ठ्या लावावयाच्या, आत कार्यक्रमाच्या पेट्या ठेवावयाच्या आणि शेवटी सगळे ओळींच्या रूपाने फाइलीत उतरावयाचे. मग लायब्ररीची गरज काय, हाताने ओळी लिहिल्या तर चालणार नाही का? चालेल, पण मराठीत लिहिताना हात पोळण्याचा संभव अधिक. नियम असा आहे की एक ओळ ७५ बाइटांपेक्षा लांब असू नये. लांब झाली तर ती मोडून पुढची ओळ एक जागा सोडून सुरू करावी. बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचे लहानसे माप. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, आपल्या देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘अक्षय्य तृतीया’ या दोन शब्दांत १३ चिन्हे आहेत. त्यांचे ३९ बाइट आणि मधल्या मोकळ्या जागेचा १, असे ४० बाइट झाले. म्हणजे अर्ध्याहून अधिक ओळ संपली. हाताने ओळ मोडताना एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांच्या मध्येच घाव बसला, तर वाचणाऱ्याच्या मोबाईलवर अक्षराऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात. तीच गोष्ट स्वल्पविरामाची. ‘एकवीरा देवी यात्रा, धुळे’ एवढे लिहिले तरी त्या स्वल्पविरामामागे एक तिरपी रेघ द्यावी लागते, कारण स्वल्पविरामाला त्या लिपीत निराळा अर्थ आहे. ही सर्व उस्तवार लायब्ररी बिनबोभाट करते.

येथपर्यंत यंत्राचे काम झाले. आता माणसाचे काम सुरू होते. लायब्ररी ओळ शुद्ध लिहिते. ओळीतली तारीख खरी की खोटी हे तिला ठाऊक नसते. शुद्ध लिहिलेली खोटी तारीख ही फार घातक वस्तू आहे, कारण ती पाहून कोणाला शंकाच येत नाही. अशा चुका मुख्यतः चार ठिकाणी होतात.

पहिली चूक घड्याळाची. समजा, जळगावात सायंकाळी सातला व्याख्यान आहे. फाइलीत वेळेच्या शेवटी ‘झेड’ हे अक्षर असले, तर ती वेळ ग्रिनिचच्या मानाने धरली जाते. आपले घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. कोणी नकळत सातच्या पुढे ते अक्षर ठेवले, तर श्रोत्याच्या मोबाईलवर व्याख्यान मध्यरात्रीनंतर साडेबाराला दिसेल आणि तारीखही दुसऱ्या दिवसाची होईल. यावर उपाय असा की वेळेबरोबर ‘एशिया/कोलकाता’ हे कालविभागाचे नाव स्पष्ट लिहावे. साडेपाच तासांचा हा आकडाही सदासर्वकाळचा नाही. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून सुरू झाली. तरीही मुंबईने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात देशाची घड्याळे आणखी तासभर पुढे होती. जुन्या काळच्या घटना नोंदणाऱ्याने हे विसरू नये.

दुसरी चूक शेवटच्या दिवसाची. पूर्ण दिवसाच्या कार्यक्रमात ‘शेवट’ म्हणून जी तारीख लिहावयाची, ती कार्यक्रमात धरली जात नाही. वरच्या नमुन्यात आखाजी ३० एप्रिलची असूनही शेवट १ मे लिहिला आहे, तो याचसाठी. एखाद्या मंडळाची व्याख्यानमाला १ मे ते ३ मे अशी असेल, तर शेवट ४ मे लिहिला पाहिजे. भोळेपणाने ३ लिहिले की तिसरा दिवस गळतो. समारोपाचा वक्ता येतो, सतरंज्या अंथरलेल्या असतात आणि मंडपात चिटपाखरू नसते. दोष कोणाचा, तर एका अंकाचा.

तिसरी चूक पुनरावृत्तीची, आणि ती आपल्या घरापर्यंत पोहोचते. फाइलीत ‘दर वर्षी’ असा नियम लिहिता येतो. १ मे या महाराष्ट्र दिनाला तो चोख लागू पडतो. उत्साहाच्या भरात कोणी आखाजीलाही तो लावतो. आता हिशेब पाहा. आखाजी २०२२ साली ३ मे रोजी होती, २०२३ साली २२ एप्रिलला, २०२४ साली १० मेला आणि २०२५ साली ३० एप्रिलला. मधली अंतरे अनुक्रमे ३५४, ३८४ आणि ३५५ दिवसांची आहेत. बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. दर वर्षी अकराएक दिवसांची तूट पडते. ती भरून काढण्यासाठी अधिक महिना येतो. २०२३ साली अधिक श्रावण आला, म्हणून पुढची आखाजी तीस दिवस लांबली. ज्याने २०२४ च्या १० मेवर ‘दर वर्षी’ असा शिक्का मारला, त्याचा मोबाईल २०२५ साली आखाजी दहा दिवस उशिरा सांगणार. खानदेशात आखाजी म्हणजे नुसती सुट्टी नव्हे. सासरी गेलेली लेक त्या सणाला माहेरी येते. झोके बांधलेले असतात, गौराई मांडलेली असते, पितरांची घागर भरावयाची असते. पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलीने त्या नोंदीवर विसंबून रजा आणि गाडीचे तिकीट काढले, तर ती येईल तेव्हा झोके सोडलेले असतील. यंत्राला त्याचे काय?

तिथीचा नियमच यंत्राला शिकविता येणार नाही का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. २०१५ साली या नियमग्रंथाला एक पुरवणी जोडण्यात आली. तिच्यामुळे चिनी, हिब्रू अशा इतर कालगणनांनुसार पुनरावृत्ती लिहिता येते. त्या यादीत ‘इंडियन’ या नावाने आपलीही एक दिनदर्शिका आहे. पण ती म्हणजे आपली राष्ट्रीय दिनदर्शिका. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून ती सिद्ध झाली आणि २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९, पासून शासनाने स्वीकारली. तिचे महिने सौर आहेत. तीत चैत्राची पहिली तारीख २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला येते. गुढीपाडव्याशी तिचा संबंध नाही. आपल्या सणांच्या तिथी तीत सापडत नाहीत.

आणि तिथी हे प्रकरण सोपेही नाही. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती कमीअधिक होत असल्याने ही तिथी कधी सुमारे एकोणीस तासांची, तर कधी सव्वीस तासांच्या आसपास असते. सामान्यतः सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची. त्यामुळे एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, एखादी एकही पाहत नाही. त्यालाच आपण वृद्धी आणि क्षय म्हणतो. सूर्योदय तरी कोठला? प्रमाणवेळेच्या रेषेपासून पश्चिमेला असल्याने जळगावचा सूर्य घड्याळाच्या सुमारे २८ मिनिटे मागे चालतो, धुळ्याचा सुमारे ३१ मिनिटे. दोन गावांत तीन मिनिटांचे अंतर. अमेरिकेतल्या मराठी घरी तर तीच तिथी आपल्यापेक्षा एक दिवस आधी येऊ शकते. त्यावर पुन्हा सणासणाचे शास्त्र निराळे. तात्पर्य, आज्ञावली लिहिणाऱ्याने पंचांगकर्त्याच्या गादीवर बसू नये. त्याने पंचांगातून दर वर्षाची तारीख घ्यावी आणि पाच वर्षांच्या पाच आखाज्या पाच स्वतंत्र नोंदींत लिहाव्यात. यात कमीपणा काही नाही.

यंत्राला द्यावयाचे काम मात्र अवश्य द्यावे. आपल्या कानबाईचे उदाहरण घ्या. नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी कानबाई बसते. या नियमात तिथीही आहे आणि वारही आहे. तिथी पंचांगाने सांगावी, वार यंत्राने काढावा. २०२४ साली नागपंचमी ९ ऑगस्टला, शुक्रवारी होती. आज्ञावलीला एवढेच सांगावयाचे की या तारखेपासून एकेक दिवस पुढे जा आणि रविवार लागला की थांब. ती ११ ऑगस्टला थांबते. २०२५ साली नागपंचमी २९ जुलैला, मंगळवारी. तेथून ती ३ ऑगस्टला थांबते. ज्याचे काम त्याने केले म्हणजे चूक होण्याचे कारण उरत नाही.

चौथी चूक इतिहासाच्या अभ्यासकांनी विशेष जपावी अशी आहे. धुळ्यात ती सांगितल्यावाचून राहवत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपली अखेरची वर्षे धुळ्यात घालविली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते येथेच निवर्तले, आणि त्यांच्या स्मरणार्थ उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ आजही धुळ्याचे भूषण आहे. तेथील जुन्या कागदांवरच्या मितींची संगणकात यादी करावी, असे उद्या एखाद्या तरुणाच्या मनात आले, तर तो काय करील? एक प्रसिद्ध मिती घेऊ. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दिला आहे. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० मानली जाते. हीच तारीख पायथनला देऊन वार विचारा. तो शुक्रवार म्हणत नाही, मंगळवार म्हणतो.

मग खोटे कोण, शकावली की यंत्र? दोघेही खरेच बोलतात. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. इंग्रजांच्या राज्यात ती १७५२ पर्यंत चालत होती. संगणक मात्र आजची ग्रेगोरियन पद्धतच पाठीमागे लांबवीत जातो. त्या शतकात या दोन पद्धतींत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणून ज्युलियन १९ फेब्रुवारी म्हणजे ग्रेगोरियन १ मार्च १६३०, आणि त्या दिवसाचा वार यंत्राला विचारला की ते शुक्रवारच सांगते. येथे आपल्याला घोटाळ्यातून कोणी सोडविले? शकावलीकाराने मितीपुढे लिहून ठेवलेल्या ‘शुक्रवार’ या एका शब्दाने. तो नसता, तर दहा दिवसांची चूक शुद्ध लिहिलेल्या ओळीत सुखाने नांदली असती.

आता आपण पुन्हा पाटण्याच्या शिळेपाशी आलो. जुन्या लोकांनी जे केले, ते आपल्याला संगणकाच्या फाइलीतही करता येते. त्या फाइलीत कार्यक्रमाच्या नावाखेरीज ‘वर्णन’ म्हणून एक जागा असते. तेथे वार, तिथी, शक आणि तारीख कोणत्या पंचांगातून घेतली ते लिहावे. हे झाले पहिले साक्षीदार. ते माणसाने वाचावयाचे.

दुसरी साक्ष यंत्राकडून घ्यावी. याद्या करताना तारखेच्या रकान्याशेजारी वाराचा रकाना ठेवावा आणि तो हाताने, पंचांग पाहून भरावा. मग आज्ञावलीने तारखेवरून वार काढून दोन्ही ताडून पाहावेत. जुळले नाहीत, तर फाइल लिहू नये, चुकलेली ओळ दाखवून थांबावे. अंक उलटसुलट झाला, महिना चुकला, गेल्या वर्षाची तारीख चुकून राहिली, तर या एका तपासणीत बहुतेक चुका पकडल्या जातात. जवळजवळच्या दोन वर्षांत एकच तारीख एकाच वारी येत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे.

तिसरी साक्ष फाइलीनेच द्यावी. फाइल तयार झाली म्हणजे काम संपले असे समजू नये. तीच फाइल पुन्हा लायब्ररीकडून वाचून घ्यावी आणि निघालेली यादी मूळ यादीशी ओळीने ताडावी. मग ती एका मोबाईलवर उघडून शेवटचा दिवस आणि सायंकाळची वेळ डोळ्यांनी पाहावी. सराफ सोने देतानाही तोलतो आणि घेतानाही तोलतो. त्यात त्याला कोणी संशयी म्हणत नाही.

हे सर्व मी आपल्यापुढे का मांडले? आपल्या दोन्ही जिल्ह्यांत वाचनालये आहेत, मंडळे आहेत, शाळा-महाविद्यालये आहेत, गावोगावच्या यात्रा आहेत. धुळ्याची एकवीरेची चैत्री यात्रा, जळगावचा कार्तिकी एकादशीचा रथ, आखाजी, कानबाई, पोळा, या सर्वांच्या तारखा आता पुढची पिढी मोबाईलवर पाहणार. त्या तारखा दूरच्या कोणी अनोळखी माणसाने, आपल्या चालीरीती न जाणता भरलेल्या असाव्यात, की आपल्याच गावच्या मुलांनी पंचांग शेजारी ठेवून, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून भरलेल्या असाव्यात? काम फार मोठे नाही. पायथनची थोडी तोंडओळख झालेला मुलगा किंवा मुलगी चार-दोन सायंकाळी ते करू शकेल. वर्षातून एकदा, नवे पंचांग हाती आले की, नव्या तारखा घालाव्या लागतील. आपल्या गावची अशी एक फाइल असावी, तिच्या वर्णनात वार आणि तिथी लिहिलेली असावी, आणि ती भरणाऱ्याने शेवटची ओळ लिहून झाल्यावर ती एकदा उलट वाचून पाहावी, एवढीच माझी विनंती आहे.